शिखर कुठे लिहायचं, माथा कुठे आणि सडा कुठे

गोव्याच्या बातम्यांत ‘शिखर’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. सड्यावरचं गवत पेटलं की ‘शिखरावर वणवा’, घाटात दरड आली की ‘शिखरावरून दरड’, आणि चार हौशी मंडळी टेकडीवर जाऊन भजी खाऊन आली की ‘शिखर सर’. मी पणजीतल्या एका मराठी दैनिकाची मुद्रितं तपासते. माहेर सत्तरीतलं. डोंगर बघत वाढलेल्या माणसाला हे शब्द घासातल्या खड्यासारखे लागतात. तालुक्यांतले नवे वार्ताहर रात्री फोन करून विचारतात, “बाई, माथा लिहू की शिखर?” त्यांना तुकड्यातुकड्यांनी सांगत आले, ते इथे सलग लिहिते. सहलीची वर्णनं लिहिणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण निम्मी दुखणी तिथूनच येतात.

पाऊस पडला तर पाणी कुठे जाईल?

जागेवर उभे असा किंवा तिचा फोटो समोर असो, आधी एवढंच विचारा: इथे पाऊस पडला तर पाणी कुठे जाईल? चहूबाजूंनी खाली जाणार असेल तर ते शिखर. दोनच बाजूंना जाणार असेल तर तुम्ही धारेवर आहात. दोन बाजूंना जमीन चढते आणि दोन बाजूंना उतरते, अशी जागा खिंड. जुन्या वाटा तिथूनच पलीकडे जायच्या. पाणी एकाच बाजूला आणि तेही थेट खाली पडत असेल तर कडा. आणि पाणी कुठेच जात नसेल, डबकी करून तिथेच बसत असेल, तर सडा.

एवढ्यावर निम्मे फोन बंद व्हावेत. उरलेल्यांसाठी थोडा तपशील.

माथा हा पायथ्याचा जोडीदार. डोंगराचा वरचा सगळा भाग माथ्यात येतो, मग तो टोकदार असो, गोल असो की सपाट. म्हणून शंका असेल तेव्हा माथा लिहा. तो चुकत नाही. पारोड्याच्या चंद्रनाथाचंच घ्या. चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ, आवार, गाड्या लावायची जागा, पायऱ्या, हे सगळं काही एका टोकावर मावत नाही. ‘चंद्रनाथाच्या डोंगरमाथ्यावर’ असं लिहिलं की देऊळही आलं आणि आवारही आलं. लहान टेकडीच्या बाबतीतही तसंच. तिच्यावर पडलेलं पाणी चहूकडे जात असलं तरी साठ-सत्तर मीटरच्या टेकाडाला शिखर म्हटलं की वाचक हसतो. तिथे माथा पुरे.

घाटमाथा मात्र या घरातला नव्हे. घाट चढून गेल्यावर जी जमीन लागते, तो घाटमाथा. चोर्ला घाटाची वळणं संपली आणि हवा गार झाली, की तुम्ही घाटमाथ्यावर आलात. तिथे शिखर शोधू नका. त्या जमिनीवर गावं आहेत, शेतं आहेत. ‘घाटमाथ्याच्या शिखरावर पाऊस’ असं वाक्य मी एका पावसाळ्यात कापलं होतं, ते पुढच्या पावसाळ्यात परत आलं.

सुळका हा शब्द गोव्यात जपून वापरा. पट्टीचे सुळके घडतात ते दख्खनच्या बेसाल्टात, आणि तो खडक गोव्याच्या ईशान्य कोपऱ्याला जेमतेम शिवतो. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांच्या वर्णनांतून हा शब्द उचलून काणकोणच्या गोल, झाडीभरल्या डोंगराला चिकटवणारे बरेच आहेत.

आता सडा. इथे मी जरा रेंगाळणार, कारण गोव्याची उंच जमीन बरीचशी सड्यांचीच आहे आणि बाहेरून आलेल्या लेखकाला नेमकी हीच दिसत नाही. शतकानुशतकं कोसळणारा पाऊस खडकातली सिलिका धुऊन नेतो, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, आणि त्याचा तांबडा जांभा होतो. जांभा जमिनीखाली असतो तेव्हा मऊ, म्हणून तर त्याचे चिरे काढता येतात. उघड्यावर आला की घट्ट होत जातो. डोंगराच्या डोक्यावर अशी कठीण पाटी बसली की पाऊस बाजू कोरतो, पण पाटी तशीच राहते. म्हणून आपल्याकडे भराभर चढायचं, घाम पुसायचा, आणि वर पोहोचावं तर समोर क्रिकेटचं मैदान. ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे. दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ असल्याच सपाट जमिनीवर आहेत. विमान उतरवायला शिखर कुणी शोधत नाही. मुरगावात तर वस्तीचंच नाव सडा.

अशा जागी ‘सर्वांत उंच टोक’ लिहिण्यात अर्थ नसतो. सड्याचा सर्वांत उंच भाग म्हणजे बऱ्याचदा पायाला कळणारही नाही असा जांभ्याचा फुगवटा, आणि तो नेमका कुठे यावर गावातल्या दोन माणसांचं एकमत होत नाही. ‘सड्यावर’ एवढंच लिहा. पठार म्हटलंत तरी चालेल. पण गावचा माणूस सडा म्हणत असेल तर त्याच्या तोंडचा शब्द बदलू नका.

नकाशावर शिखर कसं हुडकायचं

जागेवर जाता येत नसेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे काढा. गोव्याचा बहुतेक भाग ४८ ई आणि ४८ आय या मालिकांत येतो, काणकोणचं दक्षिण टोक ४८ जे मध्ये. एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशावर तपकिरी समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतात आणि दोन रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असतं. सगळ्यांत आतलं बंद वर्तुळ शोधा. शिखर त्याच्या पोटात.

पण आतल्या रेषेवरचा आकडा म्हणजे शिखराची उंची नव्हे. शेवटची रेषा ३४० ची असेल तर माथा ३४० आणि ३६० च्या मधे कुठेतरी आहे. ३६० असता तर आणखी एक रेषा पडली असती. ‘डोंगराची उंची ३४० मीटर’ असं छापायचं नाही. ‘साडेतीनशेच्या आसपास’ लिहिलं तर ते खरं असतं.

त्रिकोणात ठिपका आणि शेजारी आकडा दिसला तर ते त्रिकोणन स्थानक. तो आकडा भरवशाचा. तरी एक लक्षात ठेवा: मोजणीदारांनी ती जागा निवडली ती तिथून इतर स्थानकं दिसावीत म्हणून. अगदी टोकच निवडलं असेल असं नाही. नुसता ठिपका आणि आकडा असेल तर आणखी सावध. तो रस्त्याच्या वळणावरचाही असतो. रस्त्याची उंची डोंगराची म्हणून छापलेली मी पाहिली आहे.

गोव्यात याच्या जोडीला एक खास अडचण आहे, आणि ती डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यात. नकाशाच्या समासात सर्वेक्षणाचं वर्ष दिलेलं असतं, ते आधी वाचा. नकाशा जुना असेल तर त्यावर ज्या जागी बंद वर्तुळ आहे त्या जागी आज खाणीचा खड्डा असू शकतो. लोहखनिज डोंगरातच असतं, तेव्हा वर्तुळाच्या आतला आकडा ट्रकात भरून मुरगाव बंदराकडे गेलेला असतो. काही खड्डे तर समुद्रसपाटीच्याही खाली उतरले आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली खाणकाम थांबवलं, २०१८ मध्ये लीजचं दुसरं नूतनीकरण रद्द केलं. खड्डे आहेत तिथेच आहेत. नव्या नकाशावर खड्डाही बंद वर्तुळासारखाच दिसतो, फक्त रेषेला आतल्या बाजूने बारीक दाते असतात. दाते दिसले नाहीत तर तुम्ही खड्ड्याला शिखर म्हणून मोकळे व्हाल.

उलटंही होतं. खाणीतून काढून टाकलेल्या मातीचे ढीग वर्षानुवर्षं पडून आहेत, त्यांच्यावर झुडपं आली आहेत, आणि लांबून ते डोंगर वाटतात. पाण्याची चाचणी लावली तर तेही शिखर ठरतील. तिथे चाचणी बाजूला ठेवा आणि सरळ ‘डंप’ किंवा ‘खाणमातीचा ढीग’ लिहा. ‘डोंगर खचला’ आणि ‘डंप खचला’ या दोन बातम्यांत जबाबदार कोण हेच बदलतं.

आकडा लिहिण्याआधी

गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोसोगड, सत्तरीत, म्हादई अभयारण्याच्या रानात. इंग्रजी लिखाणात त्याचंच सोन्सोगोर होतं. दोन्ही नावं एकाच बातमीत आली तर वाचकाला दोन शिखरं वाटतात, एक निवडा. उंची सहसा ११६६ किंवा ११६७ मीटर दिलेली असते, म्हणजे साधारण ३८०० फूट. काही ठिकाणी मात्र चक्क १०२६ मीटर असते. एका मीटरचा फरक मोजणीचा, त्याने रात्रीची झोप घालवू नका. १४० मीटरचा फरक मात्र मोजणीचा नव्हे, तिथे कुणीतरी भलताच आकडा उचललेला असतो. म्हणून आकड्यासोबत तो कुठून घेतला हे कच्च्या प्रतीत लिहून पाठवा. छापलं जाणार नाही, पण मला विचारायला फोन करावा लागणार नाही. आणि प्रत्यक्ष बघून यायचा उत्साह असेल तर आधी वन खात्याची परवानगी काढा. ते अभयारण्य आहे.

मोबाइलवरच्या उंचीवर विसंबू नका. काही ॲप उपग्रहावरून आलेली कच्ची उंची दाखवतात. ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासून मोजलेली असते. भारताच्या दक्षिण भागात खरी समुद्रसपाटी या गणिती आकाराच्या बरीच खाली आहे. असलं ॲप उघडून मिरामारच्या वाळूत उभे राहा, उंची उणे दाखवील, तीही कित्येक मीटर. डोंगरावरही तेवढाच घाटा येतो. चांगली ॲप ही दुरुस्ती आपोआप करतात. ओळखायचं कसं? समुद्रावर उघडून बघायचं. गोव्यात त्यासाठी लांब जावं लागत नाही.

‘समुद्रसपाटी’ म्हणजेही आज दुपारी दिसणारा समुद्र नव्हे. मुरगावला उधाणाच्या भरती-ओहोटीत पाणी दोनेक मीटर वरखाली होतं. भारताच्या उंचीमोजणीसाठी नऊ बंदरांवरच्या दीर्घकाळच्या नोंदींवरून सरासरी पातळी ठरवली गेली, १९०९ साली. त्या नवांत आपल्या शेजारचं कारवार आहे. म्हणून ‘समुद्रापासून उंची’ नको, ‘समुद्रसपाटीपासून उंची’ लिहा.

काय मोजलं हेही महत्त्वाचं. एव्हरेस्टची ८८४८.८६ मीटर ही नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये मिळून जाहीर केलेली उंची बर्फासकट आहे. चीनने २००५ साली ८८४४.४३ सांगितली होती ती खडकापर्यंतची. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. आपल्याकडे बर्फ नाही, पण मनोरे आहेत. मोबाइलच्या मनोऱ्याचं टोक धरून टेकडीची उंची सांगणारे भेटतात.

एका डोंगराला दोन उंचवटे असले तर शिखरं दोन की एक? इथे पाण्याची चाचणी अपुरी पडते, कारण प्रत्येक वारुळावरूनही पाणी चहूकडे जातं. मधली खाच किती खोल आहे ते बघा. आल्प्समधल्या ४००० मीटरवरच्या शिखरांची जी यादी आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाने १९९४ मध्ये मान्य केली, तिच्यात ८२ नावं आहेत. शेजारच्या खिंडीपासून निदान ३० मीटर उठाव हा तिथला मुख्य निकष. हा नियम आपल्यावर बंधनकारक नाही, पण हाताशी असलेला बरा. खाच दहा-पंधरा मीटरचीच असेल तर ‘दोन उंचवट्यांचं शिखर’ लिहावं, ‘जुळी शिखरं’ नको.

देवळावर आलात की नियम बदलतो

डोंगरावर शिखर हे टोक. देवळावर शिखर म्हणजे गाभाऱ्यावरचं सगळं बांधकाम, आणि टोकाला असतो तो कळस. ‘शिखरावर सोन्याचा कळस चढवला’ हे बरोबर. ‘सोन्याचं शिखर बसवलं’ लिहिलंत तर देवस्थानच्या हिशेबाची चौकशी सुरू होईल. तांबडी सुर्लाच्या कदंबकालीन महादेव मंदिराचं शिखर वरून अपुरं आहे. तिथे ‘कळस’ हा शब्दच येऊ देऊ नका.

फोंड्याकडच्या देवळांत गाभाऱ्यावर उतरत्या पायऱ्यांचं शिखर नसतं, अष्टकोनी बैठकीवर घुमट असतो. कवळ्याची शांतादुर्गा बघा. तरी भाविक त्याला शिखरच म्हणतात, आणि देवाच्या बाबतीत मी भाविकांचं ऐकते. वास्तूवर लिहीत असाल तर घुमट, उत्सवावर लिहीत असाल तर शिखर. फक्त मथळ्यात ‘घुमट’ एकटा सोडू नका. गोव्यात घुमट म्हटलं की लोकांना आधी आरतीतलं वाद्य आठवतं, आणि ‘घुमटाला तडा’ वाचून गणपतीच्या दिवसांत घराघरांत वेगळीच काळजी सुरू होते. फोटोओळीत दीपस्तंभाला शिखर म्हणण्याचा प्रकारही बंद व्हावा. दीपस्तंभ अंगणात असतो.

शिखरदर्शन, शिखरकाठी हे शब्द जसेच्या तसे ठेवा. लांबून शिखर दिसलं तरी हात जोडायचे ते शिखरदर्शन. जेजुरीला काठ्या नेऊन शिखराला टेकवतात ती शिखरकाठी. शिखर शिंगणापूर हे साताऱ्याकडचं गावाचं नाव, त्यातलं शिखर गाळायचं नाही.

आल्तिनो, मोंत, काब

पोर्तुगीज नावांना मराठी शेपूट लावताना हात आखडता घ्या. आल्तिनो म्हणजे छोटीशी उंच जागा, आल्त पर्वरीतलं आल्त म्हणजे वरची. तेव्हा ‘आल्तिनोवर’ म्हटलं की चढ आलाच. ‘आल्तिनोच्या शिखरावर’ गेलात तर वर फक्त बंगले भेटतील. मडगावच्या मोंताला लोक मोंताचा डोंगर म्हणतात, तसंच लिहा. काब मात्र डोंगर नव्हे. जमीन समुद्रात घुसते ते भूशिर म्हणजे काब. काब द राम, किंवा दोनापावलाला राजभवन आहे ते काब, उंचावर असले तरी ती जमिनीची टोकं आहेत, शिखरं नव्हेत. ‘केप’वरून थेट ‘शिखर’ अशी उडी मारणारी भाषांतरं माझ्या टेबलावर येतात, बहुधा पर्यटनाच्या पत्रकांतून.

परिषद, बँक आणि आलेख

शिखर परिषद ही राष्ट्रप्रमुखांची किंवा सरकारप्रमुखांची. विन्स्टन चर्चिल यांनी १९५० साली अशा बैठकीसाठी शिखराची उपमा वापरली आणि ती जगभर रुळली. गोव्याने अशा बैठका पाहिल्या आहेत. १९८३ मध्ये राष्ट्रकुल प्रमुख दिल्लीच्या परिषदेतून विसाव्यासाठी आग्वादला आले होते, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्सची आठवी शिखर परिषद बाणावलीला झाली. शिखर परिषद आणि तीही समुद्राच्या काठाला, म्हणजे उंची जवळजवळ शून्य! मे २०२३ मध्ये बाणावलीलाच शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री जमले होते. ती मंत्र्यांची परिषद, शिखर परिषद नव्हे. स्थावर मालमत्तावाल्यांचं ‘समिट’ तर अजिबातच नाही. त्याला मेळावा म्हणा, फार तर संमेलन.

शिखर बँक, शिखर संस्था हे सहकारातले शब्द पक्के आहेत. राज्य सहकारी बँक ती शिखर बँक. बदलू नका.

राहिले आकड्यांचे आलेख. ‘महागाई शिखरावर’, ‘पर्यटकांची संख्या शिखरावर’, ‘विजेच्या मागणीने शिखर गाठलं’. इथे पुन्हा पाण्याची चाचणी लावा: दोन्ही बाजूंना उतार हवा. आलेख अजून चढतो आहे तोवर शिखर कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. आकडे खाली येऊ लागले की मागे वळून म्हणता येतं, ते शिखर होतं. आज सकाळी आलेल्या सर्वांत मोठ्या आकड्यासाठी मराठीत उच्चांक हा शब्द आहे. उद्या त्याहून मोठा आकडा आला तर उच्चांक मोडतो आणि बातमी खोटी पडत नाही. कळस मात्र वाईट गोष्टींसाठी राखून ठेवा: गैरसोयीचा कळस, निष्काळजीपणाचा कळस. आणि मथळ्यात जागा नव्हती म्हणून शिखर लिहिलं, ही सबब मला सांगू नका. शिखर आणि उच्चांक दोन्ही तीनच अक्षरी आहेत.